आबांच्या मागचा कॅन

शकुबाईंनी दुधाची किटली टेबलावर ठेवली, तेव्हा विनयाने आधी लॅपटॉप मागे सरकवला.

"ह्यात पाणी हाय का सांगा," शकुबाई म्हणाल्या.

ऑफिस बारामतीच्या एमआयडीसीत होतं, पहिल्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. विजयसिंहांची ही छोटी कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्रॅम बनवायची. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या बऱ्याच केंद्रांवर सभासदाचा नंबर, दुधाचं वजन, फॅट, चिठ्ठी हे सगळं त्या प्रोग्रॅमवर चालायचं. पण खुद्द दूध घेऊन ऑफिसात आजवर कोणी आलं नव्हतं.

"आम्ही दूध तपासत नाही, मावशी," विनया म्हणाली. "आम्ही फक्त प्रोग्रॅम लिहितो."

"मग चिठ्ठीवर नाव कशाला छापलंय तुमचं?"

त्यांनी कनवटीतून घडी केलेली चिठ्ठी काढून पुढे केली. खाली बारीक अक्षरांत कंपनीचं नाव होतं. वर शकुबाईंचा नंबर होता आणि फॅट दोन-आठ.

आतल्या केबिनमधून विजयसिंह बाहेर आले. किटलीकडे आणि मग बाईंकडे बघून म्हणाले, "कोणी पाठवलं तुम्हाला?"

"पाठवायला मी काय पार्सल हाय व्हय? माझी मी आली. एसटीनं."

त्या कऱ्हाटीच्या पलीकडच्या माळवस्तीवरून आल्या होत्या. दोन गाई, दोन्ही घरच्या. फॅट नेहमी चारच्या जवळ. दसरा झाला आणि आठवड्याभराने ती तीनच्या खाली गेली ती वर आलीच नाही. केंद्राने दोनदा समज दिली. शनिवारी सकाळचं दूध झालं की कमिटी बसणार होती आणि शकुबाईंचा कॅन बंद करणार होती.

"बंद केला तर केला," त्या म्हणाल्या. "दूध काय, सुप्याच्या डेअरीला घालीन. पर शंभूची आई भर रांगेत म्हणती, आली बघा पाणीवाली. माझी नात, छकुली, शाळंतनं रडत आली. पोरं म्हणत्यात, पाणीवालीची नात. कॅन बंद झाला की ते नाव कायमचं झालं बघा. मग म्या काशीला जाऊन आली तरी पुसायचं न्हाय."

विनयाने विचारलं, "फॅट नेमकी दसऱ्यालाच पडली का?"

"न्हाय. दसऱ्यापास्नं जरा इकडंतिकडं हुयाची, पर ती बरी लागायची. पडली ती नंतर. एकदम."

विनयाला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचाच तिला संशय आला.

कारण दसऱ्याला सगळ्या केंद्रांवर तिचा बदल गेला होता. डेटाबेसमध्ये माहिती रकान्यांत असते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र 'सभासद', 'कॅन', 'नोंद' अशा वस्तू हाताळायच्या असतात. या दोन्हींच्या मध्ये राहून इकडचं तिकडे करणारी लायब्ररी विनयाने एकटीने लिहिली होती. तोवर तिची रीत साधी होती: डेटाबेसला काही विचारलं, की उत्तर येईपर्यंत जागेवर थांबायचं. सकाळी सगळी केंद्रं एकदम विचारू लागली की बारामतीचा सर्व्हर सावकाश उत्तरं द्यायचा, तिकडे पडदे गोठायचे आणि रांगेत शिव्या सुरू व्हायच्या. दसऱ्याच्या बदलाने ते थांबणं संपलं. आता प्रोग्रॅम विचारून ठेवायचा, दुसरं काम करायचा आणि उत्तर आलं की सोडलं होतं तिथून पुढे जायचा. विजयसिंह या रीतीला 'असिंक' म्हणायला शिकले होते आणि भेटेल त्या केंद्रचालकाला ऐकवत होते.

बदलात दोष असता तर तो दसऱ्यालाच दिसला असता, आठवड्याने नाही. विनयाने स्वतःला असं सांगितलं. पण पटलं नाही.

शकुबाई गेल्यावर विजयसिंह म्हणाले, "ही बाई दुसऱ्या कंपनीनं उभी केलेली असणार. माळवस्तीचं सेंटर त्यांना पाहिजेच आहे."

"किटली विसरून गेल्या."

"विसरल्या नाहीत. ठेवून गेल्या. पुरावा म्हणून."

संध्याकाळी विनयाने ते दूध घरी नेऊन तापवलं. साय जाड आली. पण त्यावरून काही ठरत नव्हतं. ज्याच्यावर संशय आहे त्यानेच निवडून आणलेला नमुना. पाणी घालणारी बाईसुद्धा ऑफिसात येताना पाणी घालून आली नसती.

दुसऱ्या दिवशी तिने चाचण्या पुन्हा चालवल्या. संगणकातल्या संगणकात तिने खोटी केंद्रं उभी केली होती. त्यांवर खोटे सभासद यायचे, दूध घालायचे, फॅट यायची, चिठ्ठी घेऊन जायचे. सर्व्हर मुद्दाम हळू केला, गर्दी वाढवली, मध्येच जोडणी तोडली. प्रत्येक आकडा ज्याचा त्याच्या नावावर गेला. सगळ्या खुणा हिरव्या. चुकीच्या गोष्टीची नीट चाचणी घेतली तरी खुणा हिरव्याच येतात, हे तिला ठाऊक होतं. पण चुकीची गोष्ट कोणती, ते दिसत नव्हतं.

मग उरली माणसं आणि यंत्र. केंद्रावर बसणारा रविराज आकडा बदलतो का? एकदा नोंदलेली फॅट त्या वेळेपुरती कोणालाच बदलता येऊ नये, असा नियम प्रोग्रॅममध्ये घातलेला होता. तो कमिट्यांनीच मागून घेतला होता. यंत्र बिघडलंय का? मग एकाच बाईची फॅट कशी पडेल? की शकुबाई खरंच पाणी घालतात? हा प्रश्न विनयाने मुद्दाम शेवटी ठेवला, कारण बाकी सगळ्यांना तो पहिला सुचला होता.

गुरुवारी ती भिगवणजवळच्या एका केंद्रावर गेली. प्रोग्रॅम तोच, फॅटचं यंत्र त्याच बनावटीचं, सर्व्हरही तोच, आणि तक्रार एकही नाही. काही बिघडलं असेल तर न बिघडलेलंही बघितलं पाहिजे. उजनीच्या पाण्यावरून गार वारा येत होता. काउंटरवर वैष्णवी नावाची मुलगी बसली होती. तिच्या समोर एक दांडगा मिशीवाला माणूस दोन्ही हात काउंटरवर टेकून उभा होता.

"सरका की जरा दाजी, मागच्याला येऊ द्या," वैष्णवी म्हणाली.

"चिठ्ठी दे, सरकतो."

"पळून चालली व्हय मी तुमची चिठ्ठी घेऊन?"

"तुझा काय भरोसा? तुझं लगीन ठरलंय म्हणं."

रांग हसली. चिठ्ठी आली, दाजींनी ती दोनदा वाचली, मग जागा सोडली. त्यानंतरच वैष्णवीने पुढच्याचा नंबर टाकला. मागून येणारा प्रत्येक जण तसाच उभा राहत होता.

विनयाने विचारलं, "चिठ्ठी न घेता कोणी जातच नाही का?"

"लग्नातनं एक वेळ जेवल्याबिगर जातील मॅडम, हितनं चिठ्ठी घेतल्याबिगर न्हाय. सरपंच असू दे न्हायतर त्याचा सासरा."

परतताना विनया गाडीत बसून तेच आठवत होती. तिच्या चाचण्यांतले खोटे सभासदही असेच वागायचे. तिनेच त्यांना तसं बनवलं होतं, कारण सुरुवातीला तिने जी केंद्रं पाहिली तिथे माणसं अशीच वागत होती. चिठ्ठी हातात येईपर्यंत एकही खोटा सभासद जागचा हलत नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी ती माळवस्तीला पोचली. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढे ओटा, ओट्यापलीकडे कडुनिंब. कडुनिंबाखाली कॅन रांगेत लागले होते. माणसं इकडेतिकडे गप्पा मारत होती. रांगेत उभे होते ते कॅन, आणि कॅनच्या जागा पिढीजात असल्यासारख्या ठरलेल्या होत्या. सगळ्यांत पुढे सर्जेराव आबांचा पितळी कडीचा कॅन. आबा केंद्राचे चेअरमन. त्यांच्या मागे शकुबाईंचा, मग शंभूच्या आईचा, मग बाकीचे.

विनयाने आपण प्रोग्रॅम बघायला आलो एवढंच सांगितलं. रविराजने तिला स्टूल दिलं, पण तोंड पाडून. "मॅडम, कुणी कंप्लेंट केली असंल तर आधीच सांगा. मी कुणाचा आकडा बदलत न्हाय."

"बदलता येतच नाही," विनया म्हणाली. "तुम्ही नेहमीसारखं काम करा."

आबा आले. पांढरा शर्ट, हातात मोटारसायकलची किल्ली. दूध ओतलं, वजन झालं. रविराजने नमुना यंत्रात लावला. आबा म्हणाले, "काय मॅडम, तुमच्या मशिननं चोर सापडला म्हणायचा आमचा." आणि उत्तराची वाट न बघता ते निघालेसुद्धा. कॅन मोटारसायकलला अडकवला, किक मारली, गेले.

त्यांची चिठ्ठी अजून आलेली नव्हती. यंत्र अजून गुरगुरतच होतं. आणि रविराजने पुढचा नंबर टाकला होता: शकुबाईंचा.

"आबा चिठ्ठी घेत नाहीत?" विनयाने विचारलं.

"चेअरमनला उभं करायचं व्हय चिठ्ठीसाठी? मी घरी पोचवतो. आबा गेले की मी लगेच पुढचा नंबर घेतो. तेवढाच येळ वाचतो."

"पूर्वीही असंच करायचात?"

"करायचो की. पर पूर्वी नंबर टाकला तरी पडदा घ्यायचाच न्हाय. गोठून बसायचा. तुमी ते लई झ्याक केलं बघा."

यंत्राने आकडा दिला. विनयाने यंत्राकडे बघितलं नाही. ती पडद्याकडे बघत होती. पडद्यावर शकुबाईंचं नाव होतं. त्या नावासमोर दोन-आठ येऊन बसले. शकुबाईंचा कॅन अजून ओट्यावर चढलाही नव्हता.

तिने स्टूलची कड घट्ट धरली.

लायब्ररीत तिने एक सोय ठेवली होती. 'चालू नोंद' म्हटलं, की हातात असलेली नोंद आपोआप मिळायची. कोणाची ते दरवेळी सांगावं लागायचं नाही. जोवर सगळं एकापाठोपाठ एक थांबून व्हायचं, तोवर चालू नोंद एकच असायची आणि ती बरोबरच असायची. आता प्रोग्रॅम थांबत नव्हता. नमुना यंत्रात गेला तेव्हा चालू नोंद आबांची होती. आकडा बाहेर आला तेव्हा ती शकुबाईंची झाली होती. आकडा चालू नोंदीवर गेला. नंतर शकुबाईंच्या दुधाचा खरा आकडा आला, तेव्हा त्यांच्या नावावर फॅट आधीच होती, आणि नोंदलेली फॅट बदलायची नाही हा नियम होता. खरा आकडा गुपचूप टाकून दिला गेला. आबांची नोंद रिकामी राहिली, आणि रिकाम्या नोंदीला त्याच सभासदाची मागच्या वेळची फॅट धरायची हा दुसरा नियम होता. म्हणजे दसऱ्यापासून आबांना एकच आकडा मिळत होता, रोज, दोन्ही वेळा.

रांगेत बाकीच्यांना काहीच झालं नव्हतं, कारण बाकीचे चिठ्ठी घेतल्याशिवाय हलत नव्हते. फटका फक्त आबांच्या मागच्या कॅनला होता.

मग तो आठवडा. दसऱ्यापासून शकुबाईंच्या नावावर आबांची फॅट जात होती. सुरुवातीला ती बरी होती. नंतर एकदम पडली. दूध इतकं एकाएकी आणि कायमचं पातळ होत नाही. आपला आकडा हलत नाही, कसंही दूध घातलं तरी तोच येतो, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं असणार. आबांच्या की आबांच्या गड्याच्या? की घरात आणखी कुणाच्या? तिला माहीत नव्हतं, आणि तिथे बसून ते कळणारही नव्हतं.

शकुबाईंनी चिठ्ठी घेतली, वाचली, विनयासमोर धरली. "बगा."

"बघितलं," विनया हळू आवाजात म्हणाली. "मावशी, उद्या सकाळी तुमचा कॅन आबांच्या पुढं लावा."

शकुबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कशापायी? मला भांडाण लावून द्यायला आलाय व्हय? तुमी हाय तरी कुणाच्या?"

"कारण उद्या सांगते. आज सांगितलं तर त्याचा उपयोग राहणार नाही."

"आदी आबांनी सांगितलं, आमच्यावर इश्वास ठेवा. आता तुमी," शकुबाई म्हणाल्या आणि कॅन उचलून चालू लागल्या.

विजयसिंह घरी होते. विनयाने त्यांना दारात उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा मध्येच "एक मिनिट" म्हटलं आणि दोन्ही वेळा पुढे काही बोलले नाहीत.

शेवटी म्हणाले, "दुरुस्त व्हायला किती वेळ लागेल?"

"फार नाही. आकड्याबरोबर नमुन्याचा नंबर पाठवायचा. चालू नोंद विचारायचीच नाही."

"मग रात्रीत अपडेट टाक. सकाळी सगळं बरोबर. विषय संपला. आबांच्या शब्दावर आपली आणखी सेंटर आहेत."

"आणि शकुबाई?"

"त्यांची फॅट उद्यापासून आपोआप सुधारेल की. अजून काय पाहिजे?"

विनया म्हणाली, "फॅट सुधारली की लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"कॅन बंद होणार म्हणून भ्याली, पाणी घालायचं थांबवलं. ती पाणी घालत होती हे आपण सिद्ध करून देऊ, दादा. आपल्याच दुरुस्तीने."

विजयसिंहांनी दाराच्या कडीशी चाळा केला. "तू काय करणार आहेस?"

"दुरुस्ती तयार ठेवते. उद्या सकाळचं दूध झाल्यावर टाकते. त्याआधी नाही."

"कर काय ते. माझं नाव घेऊ नको."

"नाव चिठ्ठीवर छापलेलं आहे," विनया म्हणाली.

शनिवारी सकाळी कडुनिंबाखाली नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. कमिटी बसणार हे सगळ्यांना माहीत होतं. ओट्याच्या टोकाला चार खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. आबांचा कॅन गड्याने आणून पहिल्या जागेवर ठेवला होता.

शकुबाई उशिरा आल्या. विनयाकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ पुढे गेल्या आणि आपला कॅन आबांच्या कॅनच्या पुढे टेकवला.

"मावशे, हितं आबांचा कॅन असतो," रविराज म्हणाला.

"असू दे. मागं हायेच की."

"बाई बाई, मरणाची घाई!" शंभूची आई म्हणाली. "आज बंदच व्हणार हाय कॅन, म्हणून पयला नंबर."

मागे उभे असलेले आबा हसले. "घालू दे रे. शेवटचं दूध घालायचं तर मानानं घालू दे."

शकुबाईंनी दूध ओतलं. ओतून झाल्यावर दोन्ही हात काउंटरवर टेकून त्या उभ्या राहिल्या. यंत्र गुरगुरलं. रविराज पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने डोळे बारीक केले, मान पुढे नेली.

"किती?" मागून कोणीतरी विचारलं.

"तीन-नऊ," रविराज म्हणाला.

"भ्याली!" शंभूची आई ओरडली. "म्हणलं नव्हतं? कमिटी बसणार म्हणल्यावर आज बिनपाण्याचं आणलं!"

चार-पाच माणसं हसली. शकुबाईंनी वळून विनयाकडे बघितलं. त्या नजरेत एवढंच होतं, की तुझं ऐकलं आणि हे झालं. विनयाने मान किंचित हलवली: थांबा.

आबांनी दूध ओतलं, हात झटकले आणि खुर्च्यांकडे गेले. रविराजने नमुना लावला. सवयीप्रमाणे लगेच पुढचा नंबर टाकला. आबांच्या मागे आता शंभूची आई होती. ती कॅनचं झाकण काढत होती.

यंत्राने आकडा दिला.

रविराजने पडद्यावर बोट ठेवलं, जणू पुसलं तर जाईल.

"आरं बोल की. माझं दूध अजून कॅनात हाय, तवर मशिन कशाला वाजलं?"

"दोन-सात," रविराज म्हणाला. "तुमच्या नावावर."

"माझ्या नावावर? वतायच्या आधीच? बघा की कॅन, भरलेला हाय!" तिने कॅन वाकडा करून सगळ्यांना दाखवला, थोडं दूध ओट्यावर सांडलं. "माझ्या दुधात पाणी? कोण म्हणतो माझ्या दुधात पाणी?"

विनया स्टूलावरून उठली. तिला मोठ्याने बोलायची सवय नव्हती. पुढच्यांनी मागच्यांना गप्प केलं.

"चूक आमच्या प्रोग्रॅमची आहे," ती म्हणाली. "तो मी लिहिलाय. जो चिठ्ठी न घेता निघून जातो, त्याची फॅट त्याच्या मागच्याच्या नावावर पडते. दसऱ्यापासून असं होतंय. बाकी सगळे चिठ्ठीसाठी थांबता, म्हणून बाकी कुणाला धक्का लागला नाही. शकुबाई दसऱ्यापासून ज्या जागेवर होत्या, तिथे आज या आहेत. तीन-नऊ ही शकुबाईंची फॅट आहे. तीनच्या खालचा एकही आकडा त्यांचा नव्हता."

ओट्यावर सांडलेलं दूध कडेला पोचून खाली ठिबकत होतं.

"मंग दोन-सात कुणाची?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं. त्याला कळलं नव्हतं असं नाही. त्याला ते कुणीतरी बोलायला हवं होतं.

सगळ्यांनी खुर्च्यांकडे बघितलं. आबांचं दूध मोठ्या टाकीत मिसळून गेलेलं होतं. ते परत काढून तपासता येणार नव्हतं.

आबा म्हणाले, "ज्या प्रोग्रॅमनं एकदा खोटं सांगितलं, तो आता खरं सांगतोय कशावरून?"

"त्याच्यावर विश्वास ठेवू नका," विनया म्हणाली. "तो मी आता दुरुस्त करते. पण संध्याकाळी प्रत्येकाने चिठ्ठी येईपर्यंत काउंटरवर थांबा, आणि पडदा बघू नका, यंत्राचा आकडा स्वतः वाचा. सगळ्यांनी."

आबांनी 'सगळ्यांनी' या शब्दावर तिच्याकडे पाहिलं. मग घड्याळ बघितलं. "कमिटी आता संध्याकाळी बसंल," म्हणाले आणि मोटारसायकलकडे गेले.

संध्याकाळी रविराजने यंत्र उचलून ओट्याच्या कडेला, आकडा बाहेरच्या बाजूला येईल असं ठेवलं. विनयाची दुरुस्ती दुपारी गेली होती. तरी ती आली होती. स्वतःच्या दुरुस्तीवरही तिचा एवढ्यात भरवसा नव्हता. विजयसिंहही आले होते आणि गाडीतच बसून होते.

पहिली जागा रिकामी होती. तिच्या मागे शकुबाईंचा कॅन.

"मावशी, पुढं या," रविराज म्हणाला.

"आबांचा कॅन येऊ दे," शकुबाई म्हणाल्या. "त्यांची जागा हाय ती. सकाळी तूच म्हणाला."

"अवो, उशीर व्हतोय."

"हू दे. थांबायचं हाय म्हणल्यात आज."

रविराजने आबांना फोन लावला. ऐकलं आणि फोन खाली ठेवून म्हणाला, "पाव्हणं आल्यात म्हणं. दूध घरीच लागतंय."

"मग पाव्हण्यास्नी च्या पाजा म्हणावं आन् उरलेलं घेऊन या," शंभूची आई म्हणाली. सकाळपासून ती शकुबाईंच्या शेजारीच उभी राहत होती. "आमी हायतच हितं."

कोणीही कॅन पुढे सरकवला नाही. रांग तशीच राहिली. दिवे लागले, कुणीतरी तंबाखू मळली, कुणीतरी गाईच्या आजाराचं काहीतरी सांगत होतं आणि ऐकणारा ऐकत नव्हता. मग मोटारसायकलचा आवाज आला.

आबांनी कॅन स्वतः उचलून आणला. ओतला. रविराजने नमुना लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. आबा काउंटरला हात न लावता, सरळ उभे राहिले. चेअरमन झाल्यापासून ते तिथे एवढा वेळ उभे राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. यंत्र गुरगुरलं आणि थांबलं. पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने चष्मा लावून आकडा वाचला.

"चार-शून्य," तो म्हणाला.

आबांनी पहिल्यांदाच मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. "बघितलं? झालं समाधान?"

रांगेतून शंभूच्या आईचा आवाज आला. मोठा नव्हता, पण ओट्याच्या दोन्ही टोकांना पोचला.

"सुधारली की आबांची फॅट."

कोणी हसलं नाही. आबांनी चिठ्ठी घेतली, न वाचता खिशात घातली आणि गेले. त्या संध्याकाळी कमिटी बसली नाही. खुर्च्या रविराजने आत नेऊन ठेवल्या.

चार-शून्यने काहीच सिद्ध होत नव्हतं. हे विनयाला माहीत होतं, आणि उद्या गावात कुणी विचारलं असतं तर तिने तसं सांगितलंही असतं. कुणी विचारणार नव्हतं.

शकुबाईंनी कॅन वर घेतला, दूध ओतलं. यंत्राचा आकडा स्वतः वाचला, मग चिठ्ठीवरचा वाचला, मग पुन्हा यंत्राचा. दोन्ही सारखे होते. चिठ्ठीची घडी करून त्यांनी ती कनवटीला लावली आणि विनयापाशी येऊन थांबल्या.

"माझी किटली?"

"ऑफिसात आहे."

"उद्या घेऊन या," त्या म्हणाल्या. "धुऊन."

आणि रिकामा कॅन हातात घेऊन त्या वस्तीच्या वाटेला लागल्या.